हॅक्लूटचे दप्तर आणि इंग्रजांचे ‘महाकाव्य’

एलिझाबेथकालीन इंग्रजी वाङ्मय म्हटले की आपल्याकडील पदवीधर वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम नाटक उभे राहते. शेक्सपिअर, मार्लो, बेन जॉन्सन, आणि काव्यात स्पेन्सर व सिडनी ही नावे, परीक्षेच्या निमित्ताने का होईना, त्याच्या ओठांवर असतात. त्याच काळातील एका अवाढव्य गद्यग्रंथाचे नाव मात्र अभ्यासक्रमाच्या कडेला कोठेतरी राहून जाते. रिचर्ड हॅक्लूट या धर्मोपदेशकाने संपादिलेला इंग्रजांच्या सागरी व खुष्कीच्या प्रवासांचा संग्रह हा तो ग्रंथ होय. त्याची पहिली आवृत्ती १५८९ साली एका जाड खंडात निघाली. पुष्कळ वाढविलेली दुसरी आवृत्ती १५९८ ते १६०० या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पुढे १८५२ साली फ्रूड या इतिहासकाराने या ग्रंथास अर्वाचीन इंग्रज राष्ट्राचे गद्य महाकाव्य ठरविले, आणि तेव्हापासून हे बिरूद त्यास असे चिकटले आहे की ग्रंथ न उघडलेले लोकही ते बिनदिक्कत वापरतात.

या बिरुदामुळे ग्रंथाचा खरा गुण झाकला जातो आणि त्याचा खरा दोषही झाकला जातो, असे आमचे मत आहे. त्या मताची कारणे प्रस्तुत लेखात मांडावयाची आहेत.

महाकाव्याला एक नायक लागतो, एक निवेदक लागतो, आणि शेवटास जाणारे एक कार्य लागते. हॅक्लूटच्या ग्रंथात यांपैकी काहीच नाही. तेथे आहेत राणीच्या सनदा, व्यापाऱ्यांनी आपल्या गुमास्त्यांस दिलेल्या सूचना, गलबतांवरील रोजनामे, कैदेतून लिहिलेली पत्रे, मालाच्या किमती, वाऱ्यांची व अक्षांशांची टिपणे. थोडक्यात, ते एक दप्तर आहे. आणि त्याचा कर्ता दप्तरदाराच्याच जातीचा होता. इंग्रजांच्या जलपर्यटनांचा हा सर्वांत मोठा संग्राहक स्वतः कधी दूरच्या समुद्रावर गेला नाही. त्याची मजल पॅरिसपर्यंत. तीही तेथील इंग्रज वकिलाचा धर्मोपदेशक म्हणून. शाळेत असताना तो आपल्याच नावाच्या एका वकील चुलतभावाच्या खोलीवर गेला. तेथे टेबलावर उघडी पडलेली भूगोलाची पुस्तके व एक नकाशा त्याने पाहिला, आणि तेथून त्याच्या आयुष्याला वळण लागले, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. फायलींच्या सहवासात ज्यांचा दिवस जातो त्या आमच्यासारख्या वाचकांस या गृहस्थाविषयी सहजच आपुलकी वाटते. पण आपुलकी म्हणजे टीका नव्हे.

प्रथम गुणाचा विचार करू. हॅक्लूटचा पहिला गुण म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदाराविषयीचा आदर. १५३६ साली होर नावाच्या एका गृहस्थाने लंडनहून न्यू फाउंडलंडकडे एक सफर नेली होती. सुमारे १२० माणसे, त्यांत ३० प्रतिष्ठित घरचे तरुण. तेथे अन्नावाचून त्यांची अशी दशा झाली की मुळ्या उपटण्यासाठी वाकलेल्या सोबत्याला मागून मारून त्याचे मांस खाण्यापर्यंत काहींची मजल गेली. अखेर धान्याने भरलेले एक फ्रेंच गलबत हाती लागले. ते घेऊन उरलेले लोक परत आले. त्यांच्यापैकी बट्स नावाचा तरुण इतका बदलला होता की त्याच्या आईबापांनाही तो ओळखू येईना. गुडघ्यावरील खुणेवरून त्यांची खात्री पटली. ही हकीकत त्याच्याच तोंडून ऐकावी म्हणून हॅक्लूट २०० मैल घोड्यावरून गेला, कारण त्या सफरीतला तेवढाच एक माणूस आता हयात होता. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका फसलेल्या व लाजिरवाण्या सफरीसाठी एवढी तसदी घेणारा संपादक महाकाव्य रचीत नसतो; तो पुरावा गोळा करीत असतो.

दुसरा गुण निवडीचा. पहिल्या आवृत्तीत मँडेव्हिलच्या नावावर चालत आलेले मध्ययुगीन प्रवासवर्णन होते. डेव्हिड इंग्रॅम या खलाशाची जबानीही होती. हॉकिन्सने १५६८ साली मेक्सिकोच्या आखातावर सोडून दिल्यावर आपण अमेरिका खंडातून पायी उत्तरेस गेलो, असे तो सांगत असे. वाटेत पाहिलेल्या अनेक नवलांची त्याने रसभरित वर्णने केली होती. दुसऱ्या आवृत्तीत हे दोन्ही मजकूर नाहीत. वाचकप्रिय अद्भुत मजकूर ग्रंथातून काढून टाकणे, तेही ग्रंथ दुपटीहून अधिक फुगत असता, हे सोपे काम नव्हे. अद्भुताचा मोह सोडून साध्या विश्वसनीय गद्याला जागा देणारी ही दृष्टी वाङ्मयीन दृष्टीच आहे, आणि त्या काळच्या नाटकांच्या झगमगाटात ती आमच्या समीक्षकांच्या लक्षात येत नाही.

या दृष्टीचे फळ पाहावयाचे असेल तर एडवर्ड हेजने लिहिलेली हंफ्री गिल्बर्टच्या शेवटच्या सफरीची हकीकत वाचावी. गिल्बर्टने ५ ऑगस्ट १५८३ रोजी सेंट जॉन्स बंदरात, अनेक देशांच्या मासेमाऱ्यांच्या देखत, न्यू फाउंडलंड राणीच्या नावे ताब्यात घेतले. आणि महिना उलटतो न उलटतो तोच परतीच्या वाटेवर ‘स्क्विरल’ या अवघ्या दहा टनांच्या होडीवजा गलबतासह तो बुडाला. गलबताच्या पिछाडीस हाती पुस्तक घेऊन बसलेला गिल्बर्ट, आणि मध्यरात्रीच्या सुमारास एकाएकी दिसेनासा झालेला त्याच्या गलबतावरचा दिवा, ही चित्रे इंग्रजी शालेय पुस्तकांनी प्रसिद्ध केली आहेत. परंतु पाठ्यपुस्तकांनी वगळलेला भाग अधिक मोलाचा आहे. आपल्या सेनापतीचा हट्ट, घाई, व त्या चिमुकल्या गलबतावर तोफा आणि सामान लादण्यातला अविचार यांची हेज स्पष्ट नोंद करतो. तो गिल्बर्टवर प्रेम करतो आणि त्याचा हिशेबही मांडतो. असे गद्य भाटाच्या हातून उतरत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या ग्रंथातील बहुतेक मोठे उद्योग फसलेले आहेत. फ्रॉबिशर १५७६ ते १५७८ या तीन वर्षांत तीनदा उत्तरेच्या बर्फात गेला. सोने म्हणून त्याने आणलेले काळे दगड निरुपयोगी ठरले. रॅले १५९५ साली गियानात गेला. सुवर्णनगरी काही सापडली नाही. १६०३ साली राणी वारली तेव्हा अमेरिकेत इंग्रजांची एकही वसाहत जिवंत नव्हती. ड्रेकची पृथ्वीप्रदक्षिणा हा मोठा अपवाद, पण एका अपवादावर महाकाव्य उभे राहत नाही. पुढल्या साम्राज्याकडून मागे पाहिले म्हणजे हे सारे विजययात्रेचे पहिले पाऊल भासते. १६०० साली ग्रंथ हाती घेणाऱ्या वाचकास मात्र त्यात बुडालेली गलबते, रिकामे खजिने आणि आशेने लिहिलेले अर्ज दिसत असले पाहिजेत. फ्रूडने आपल्या शतकाचे यश त्या शतकाच्या पानांवर चढविले.

आता दोषाकडे वळू. दप्तराची भाषा थंड असते, आणि तिच्या थंडपणात भयंकर गोष्टी निमूटपणे मावतात. हॉकिन्सच्या १५६२ च्या सफरीची हकीकत हॅक्लूटमध्ये जेमतेम पानभर आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याने काही तलवारीने व काही अन्य मार्गांनी निदान ३०० माणसे मिळविली, ती वेस्ट इंडीजमध्ये विकली, आणि त्यांच्या बदली कातडी, आले, साखर व काही मोती घेऊन तो सुखरूप परत आला. माणसे, कातडी आणि आले यांची नोंद एकाच सुरात झाली आहे. वाक्य कोठेही अडखळत नाही. ज्यांना हे महाकाव्य वाटते त्यांनी हे एक पान पुन्हा वाचावे.

रोआनोकचे प्रकरण याहून बोलके आहे. १५८४ साली रॅलेने पाठविलेल्या बार्लोने त्या किनाऱ्यावरील लोकांचे वर्णन अगदी सत्ययुगातील माणसांसारखे केले: सौम्य, विश्वासू, आतिथ्यशील. पुढच्याच वर्षी ग्रेनव्हिल वसाहतवाले घेऊन तेथे गेला. चांदीचा एक पेला चोरीस गेला आणि परत मिळाला नाही, एवढ्यावरून त्याच्या लोकांनी एक गाव व त्याभोवतीचे उभे पीक जाळले. ही नोंद रोजनाम्यात दोन-तीन ओळींत उरकलेली आहे. त्यानंतरच्या वर्षी, १५८६ साली, वसाहतीचा अधिकारी राल्फ लेन याने तेथील राजा विंगिना याचा वध करविला, आणि ती हकीकतही त्याने स्वतःच्या लेखणीने दिली. हे तिन्ही कागद हॅक्लूटने आपल्या तिसऱ्या खंडात जवळजवळ छापले आहेत. त्यांवर त्याने भाष्य केलेले नाही. पण बार्लोचे सत्ययुग आणि जळालेले गाव शेजारी ठेवले की वाचकाला भाष्याची गरज उरत नाही. अमेरिकेत वसाहती कराव्या म्हणून याच हॅक्लूटने १५८४ साली राणीपुढे एक लांबलचक निबंध ठेवला होता. म्हणजे तो पक्षपाती होता यात शंका नाही. तरी त्याने आपल्या पक्षाला अडचणीचे कागद नाहीसे केले नाहीत. त्याच्या ग्रंथाचा मोठेपणा आम्हांस येथे दिसतो.

तथापि ही निष्ठा अखंड नव्हती. एसेक्सच्या १५९६ च्या कादिझ मोहिमेचा वृत्तान्त पहिल्या खंडात छापला गेला, आणि पुढे त्या सरदारावर दरबाराची मर्जी खप्पा झाल्यावर त्या खंडातून गाळण्यात आला. ड्रेकच्या प्रदक्षिणेची हकीकत १५८९ च्या आवृत्तीत पृष्ठांक नसलेल्या पानांवर मागाहून घुसवलेली आहे. दप्तर ठेवणाऱ्यावर वरून दाब असतो, हे आपल्यापैकी कोणास समजावून सांगावयास नको. यापेक्षाही मोठी उणीव अशी की, या तीन खंडांत लिहिणारा नेहमी गलबतावरून उतरणारा असतो; किनाऱ्यावर उभा असलेला कधीच नसतो. मँटिओ आणि वाँचीझ हे रोआनोककडील दोन पुरुष १५८४ साली इंग्लंडला आणले गेले. टॉमस हॅरियट या गणितज्ञाने त्यांच्यापासून त्यांची भाषा शिकून घेतली, तिच्यासाठी वेगळी चिन्हेही तयार केली. परतल्यावर मँटिओ इंग्रजांचा मित्र राहिला. वाँचीझ त्यांचा वैरी झाला. लंडन पाहून आलेल्या त्या माणसाला इंग्रजांविषयी काय वाटले, हे या अफाट संग्रहात कोठेही नाही. हॅरियटच्या १५८८ च्या अहवालात इंग्रज ज्या गावांतून गेले तेथे लोक भराभर मरू लागल्याची नोंद आहे. त्या लोकांनी या मरणाचा अर्थ अदृश्य गोळ्या असा लावल्याचेही त्यात आले आहे. पण तेही हॅरियटने सांगितलेले. त्यांची स्वतःची ओळ एकही नाही.

उलट, जॉन व्हाइटच्या १५९० च्या वृत्तान्तात इंग्रजांचे दुःख किती बारकाव्याने आले आहे ते पाहावे. १५८७ साली शंभराहून अधिक स्त्रीपुरुष व मुले, त्यांत स्वतःची मुलगी आणि नुकती जन्मलेली नात, मागे ठेवून तो मदत आणण्यास इंग्लंडला गेला. स्पेनच्या आरमाराशी युद्ध जुंपल्याने त्याला तीन वर्षे परतता आले नाही. परतला तेव्हा माणसे नव्हती. खांबावर ‘क्रोआटोअन’ एवढा शब्द कोरलेला होता. पुरून ठेवलेल्या त्याच्या पेट्या उकरलेल्या, पुस्तकांच्या बांधण्या फाटलेल्या, नकाशे पावसाने कुजलेले, चिलखत गंजलेले. वादळामुळे त्याला क्रोआटोअन बेटावर जाता आले नाही. व्हाइट कोठेही टाहो फोडत नाही. वस्तूंची यादी करतो. एलिझाबेथकालीन शोकगद्यात याच्या तोडीचे फारच थोडे असेल. पण ही यादी वाचून डोळे पाणावतात तेव्हा, पाच वर्षांपूर्वी जळालेल्या त्या गावाची यादी कोणी केली नाही, हेही आठवले पाहिजे.

या ग्रंथाचा मराठीशी एक खरा धागा आहे. दुसऱ्या खंडात टॉमस स्टीफन्स याने १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून आपल्या लंडनमधील वडिलांस लिहिलेले पत्र आहे. त्यात होकायंत्राचे विचलन आहे, हिरड्या सुजवणारा खलाशांचा रोग आहे, त्या रोगाने दगावलेल्या २७ माणसांचा आकडा आहे, आणि माडाचे गुणवर्णनही आहे. हॅक्लूटला कॅथलिक पाद्र्याशी कर्तव्य नव्हते. त्याला पूर्वेच्या वाटेची माहिती हवी होती. १५८३ साली निघालेले न्यूबेरी, फिच वगैरे इंग्रज व्यापारी गोव्यात पोर्तुगिजांच्या कैदेत पडले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत हाच स्टीफन्स होता. फिचने पुढे विजापूर, गोवळकोंडे, आग्रा, फत्तेपूर सिक्री हा सारा प्रदेश पाहिला. पण त्याच्या वर्णनाचा पुष्कळ भाग फेदेरिची या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या लेखनावर बेतलेला आहे. फिच पाहून गेला. स्टीफन्स राहिला, येथील भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या. तोही एका परकीय सत्तेच्या छायेत वावरणारा मिशनरी होता, आणि त्या सत्तेने साष्टीत काय केले हे आपण विसरत नाही. तरीही ज्या लोकांत आपण जातो त्यांची भाषा त्यांच्याच ऐकण्यासाठी वापरणे आणि ती आपल्या अहवालासाठी वापरणे, यांतील अंतर स्टीफन्स व हॅरियट यांना शेजारी ठेवल्यावाचून स्पष्ट होत नाही. हॅरियटच्या शिकण्यातून एक उत्तम अहवाल झाला. स्टीफन्सच्या शिकण्यातून आपल्या वाङ्मयात एक ग्रंथ जमा झाला.

हॅक्लूटचा तिसरा खंड १६०० सालचा. आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीस सनद मिळाली. लगेचच कंपनीने हॅक्लूटचा सल्ला घेतला व त्याला मोबदला दिला. म्हणजे हे दप्तर कपाटात पडून राहिले नाही. त्याच्या आधारे पुढे गलबते निघाली, आणि ती आपल्या किनाऱ्याला लागली. म्हणूनच त्याचे वाचन आपल्याला केवळ इंग्रजी वाङ्मयाच्या आवडीपुरते ठेवता येत नाही. ते महाकाव्य म्हणून वाचले तर आपण फ्रूडच्या मागे टाळ्या वाजवीत जाऊ. निव्वळ लुटारूंची वही म्हणून झटकून टाकले तर हेज, व्हाइट आणि बट्स यांच्या साक्षीला मुकू. साक्ष म्हणून ते वाचावे, आणि प्रत्येक पानावर दुसऱ्या बाजूचा साक्षीदार कोठे आहे हे विचारावे.

आपणांपैकी अनेकजण परमुलखात बदलीवर असताना तेथील लोकांविषयी टिपणे व अहवाल लिहितात; तो प्रश्न त्यांच्याही कागदाला लागू पडतो. हॅक्लूटच्या संग्रहातील हेज, व्हाइट, लेन व स्टीफन्स यांचे निवडक कागद कोणी चांगल्या मराठीत एकत्र आणील, आणि त्यांत बार्लोच्या शेजारी ग्रेनव्हिलचा रोजनामा ठेवण्याचे विसरणार नाही, तर मराठी वाचकावर मोठे उपकार होतील.