राका कुंभाराची भट्टी : पिल्लं वाचली, पुढे काय?

आज पंढरपूरची एक जुनी कथा तपासायला घेऊ. राका कुंभाराची. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ती आहे, आणि कीर्तनांतून आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे.

मांजरीने एका कच्च्या मडक्यात पिल्लं ठेवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मडकी भट्टीत रचली गेली, जाळ लागला. मग मांजर भट्टीभोवती ओरडत फिरू लागली, तेव्हा राकाला उलगडा झाला. त्याने विठ्ठलाला साकडं घातलं : पिल्लं वाचली तर सगळा संसार लुटवून टाकीन. भट्टी उघडली. पिल्लं जिवंत होती, आणि त्यांचं मडकं तेवढं कच्चं राहिलेलं.

हे घडलं असेल का? काही सुशिक्षित मंडळी सांगतात की उघड्या भट्टीत आच सगळीकडे सारखी लागत नाही, कडेची मडकी कच्ची राहतातच. हे खरं आहे, कोणताही कुंभार सांगेल. पण मातीचं पक्कं मडकं व्हायला साधारण सहाशे अंश किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. चारशे अंशांना मडकं कच्चं राहील, पिल्लं मात्र राहणार नाहीत. हे स्पष्टीकरण चमत्काराइतकंच भाबडं आहे, फक्त त्याला विज्ञानाचा सदरा घातलाय.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. सिसेरोने ग्रीक नास्तिक डायागोरसची गोष्ट दिली आहे. नवस बोलून वादळातून वाचलेल्यांची चित्रं देवळात दाखवली, तेव्हा तो म्हणाला, बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत? तसंच इथे विचारता येईल. ज्या भट्ट्यांत पिल्लं जळून गेली, त्यांची कथा कोणी सांगितली? देव आहे याचा पुरावा म्हणून ही कथा या प्रश्नापुढे टिकत नाही, असं आम्हाला वाटतं.

पण ती पुरावा म्हणूनच वाचायची का? तेरच्या गोरोबाकाकांची कथा शेजारी ठेवून पाहा. तिथे नामस्मरणाच्या तंद्रीत मूल चिखलात तुडवलं जातं. राकाच्या हातून जे होतं ते तंद्रीत नाही, रोजचं काम नीट करताना होतं. म्हणून ही कथा आपल्या जास्त जवळची. पोट भरण्याचा धंदा करताना नकळत कुणाचा तरी जीव जातो. आणि राका "मला ठाऊकच नव्हतं" असं म्हणून सुटत नाही. हेतू नव्हता म्हणजे जबाबदारीही नाही, हा सोयीचा युक्तिवाद त्याला सुचतच नाही.

कुणी म्हणेल, हा देवाशी केलेला सौदाच झाला. नवस आहे, मान्य. पण नेहमीच्या नवसात माणूस स्वतःसाठी मागतो. इथे मागणं मांजरीच्या पिल्लांसाठी आहे आणि किंमत स्वतःच्या घरादाराची.

पुष्कळदा कथा सांगणारे पिल्लं बाहेर आली की टाळ्या घेतात आणि थांबतात. आमची तक्रार इथे आहे. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. संकट टळल्यावर नवस विसरायला कितीसा वेळ लागतो? राकाने मात्र सगळं वाटून टाकलं आणि नवराबायको रानातली सुकी लाकडं वेचून जगू लागले. पुढे वाटेत सोनं दिसतं, बायकोला मोह होऊ नये म्हणून राका त्यावर माती लोटतो, तर ती विचारते की मातीवर माती कशाला टाकता? आयुष्यभर माती भाजून पैसा केलेल्या घरातली बाई हे विचारते, हे लक्षात घ्या.

पिल्लं वाचली यावर विश्वास ठेवा अथवा नका ठेवू. मांजरीचा आवाज कानावर आल्यावर आपण काय केलं असतं, याचं उत्तर मात्र श्रद्धाळू आणि नास्तिक दोघांनाही द्यावंच लागतं.