मेरीच्या खोलीतून काय सिद्ध होते?

फ्रँक जॅक्सन या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञांनी १९८२ साली एक विचारप्रयोग मांडला. मेरी नावाची शास्त्रज्ञ जन्मापासून काळ्यापांढऱ्या खोलीत वाढली आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीपासून मेंदूतील चेतापेशींपर्यंत रंगदृष्टीची सारी भौतिक माहिती तिला आहे. एके दिवशी ती बाहेर येते आणि प्रथमच लाल रंग पाहते. तिला काही नवे कळते का? कळते, असे आपण चटकन म्हणतो. मग, जॅक्सन म्हणतात, भौतिक वर्णनात काहीतरी सुटले होते.

या युक्तिवादाच्या दोन पायऱ्या आहेत. त्या वेगवेगळ्या तपासायला हव्यात.

पहिली पायरी अशी की, नुसत्या माहितीने अनुभव कळत नाही. तिला खरा साक्षीदार मिळतो. नॉर्वेचे क्नुट नॉर्डबी हे दृष्टिविज्ञानाचे संशोधक जन्मतःच पूर्ण रंगांध होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मपर लेखात त्यांनी नोंदवले की, रंगांचे भौतिकशास्त्र आणि शरीरशास्त्र शिकूनही रंग म्हणजे नेमके काय, हे त्यांना उमगले नाही. मेरी कल्पनेतली, नॉर्डबी हाडामांसाचे. ही पायरी पक्की आहे.

दुसरी पायरी म्हणते, म्हणून अनुभव भौतिकापलीकडचा आहे. इथे मात्र उडी आहे. पहाटेची चांदणी आणि सायंकाळची चांदणी या दोन म्हणून ओळखल्या, तरी शुक्र एकच असतो. जाणण्याच्या वाटा दोन, म्हणून वस्तू दोन ठरत नाहीत. मेरीलाही जुनीच गोष्ट नव्या वाटेने कळली असेल. जॅक्सन स्वतः पुढे भौतिकवादाकडे वळले. मेरीचा दाखला देऊन थेट आत्म्यापर्यंत पोचणारे हे सहसा सांगत नाहीत.

पण भौतिकवाद्यांनीही निश्चिंत होऊ नये. दोन्ही चांदण्या एकच कशा, हे शुक्राची कक्षा काढून दाखवता येते. चेतापेशींची हालचाल आणि लालपणाचा अनुभव एकच आहेत असे मानले, तरी ते एक कसे, हे दाखवणारी आकृती अजून कोणाकडे नाही. जोसेफ लेव्हाइन यांनी १९८३ साली याला स्पष्टीकरणातील दरी म्हटले. ही दरी आपल्या समजुतीत आहे. ती जगातही आहे का, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. अनुभव बाहेरून दिसत नाही, ही अडचण शस्त्रक्रियेच्या टेबलावरही येते. १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बालकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. भुलीच्या धोक्याची भीती होतीच. शिवाय मज्जासंस्था अपक्व असल्याने बाळाला वेदना जाणवत नाही, असा समजही होता. १९८७ साली आनंद आणि हिकी या डॉक्टरांनी मज्जामार्ग, संप्रेरके आणि बाळांचे वर्तन यांचे पुरावे एकत्र मांडून तो समज खोडून काढला. बाळाची वेदना त्यांना थेट दिसली नव्हती. शरीराच्या खुणांवरून त्यांनी तिचे अनुमान केले.

दुसऱ्याच्या वेदनेपर्यंत पोचायला भौतिक खुणांखेरीज आपल्याकडे वाट नाही. पण खुणा म्हणजेच वेदना, असे एकदा धरले की ज्याच्या खुणा आपल्याला वाचता येत नाहीत, त्याला वेदनाच नाही असे ठरवायला आपण मोकळे होतो. भूल किती द्यायची, हे ठरवणाऱ्याने ही दरी विसरून चालत नाही.