पार्श्वभूमीवरचे पुणे

धर्मग्रामातील कुटुंबांनी आपल्याजवळची पुण्याची जुनी, सुंदर छायाचित्रे आणून द्यावीत, त्यांचे एक छोटे प्रदर्शन मांडू, असे आवाहन आम्ही एका रविवारी मिस्सानंतर केले होते. दोन आठवड्यांत जो ढीग जमला, त्याचे सरळ दोन भाग पडले. एका भागात शनिवारवाडा, पर्वती, बंड गार्डन. म्हणजे दिनदर्शिकांतून आणि पुस्तकांतून मोठी करून घेतलेली दृश्ये. दुसऱ्या भागात स्नानसंस्कार, प्रथम कम्युनियन, लग्ने. ही दुसऱ्या प्रकारची छायाचित्रे आणणारे काहीसे संकोचत होते. "फादर, हा काही पुण्याचा फोटो नाही, आमच्या लग्नाचा आहे," असे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, आणि आम्हीही मान डोलावून तो फोटो बाजूला ठेवला. चूक आमची होती. ती का घडली याचा विचार करताना छायाचित्रांतील सौंदर्याविषयीची आमची गृहीतके तपासून पाहणे आम्हांला भाग पडले.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय छायाचित्रकारांनी काढलेली पुण्याची छायाचित्रे पाहण्यासारखी आहेत, यात शंका नाही. पर्वतीची टेकडी, नदीवरील बंधारा, १८६७ साली बांधलेला फिट्झजेराल्ड पूल. सारे कसे तोलून धरलेले, निवांत. त्या काळी काचेची प्लेट प्रकाशाला बराच वेळ उघडी ठेवावी लागे. वाहते पाणी धुक्यासारखे उमटे, आणि चालता माणूस पुष्कळदा उमटतच नसे. ही यंत्राची मर्यादा होती. पुढे तिचीच अभिरुची झाली. दुरून पाहिलेले, माणसांचा वावर नसलेले ते सुंदर, असा संकेत रूढ झाला आणि आपल्या सर्वांच्या डोळ्यांत बसला. लष्कर भागातून शहराकडे पाहणाऱ्याची ती दृष्टी आहे.

त्या दृष्टीत नाना पेठ येत नाही. पेशव्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती सैनिकांना उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, क्वार्टर गेटजवळ जागा मिळाली आणि तेथे आपले सिटी चर्च उभे राहिले. पुण्याच्या देखण्या स्थळांच्या यादीत ते क्वचितच असते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र आपल्याच घरातील अल्बममध्ये पुणे नाही असे आपली माणसे मानू लागतात, तेव्हा गोष्ट गंभीर होते. दोन शतकांहून अधिक काळ ज्या गावात आपला समाज नांदला, त्या गावात आपण पाहुणे आहोत, असेच ते मानणे आहे. नगर जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी पुण्यात आलेल्या कुटुंबांच्या मनात तर ही भावना अधिकच खोल असते.

दुरून पाहण्याचा मोह आजही सुटलेला नाही. फक्त उंची वाढली. उद्धव ठाकरे यांचे 'महाराष्ट्र देशा' (२०१०) हे हवाई छायाचित्रांचे पुस्तक घ्यावे. गडाची आखणी, तटाचा वळसा, माचीचा विस्तार हे पायथ्याशी उभे राहून कधीच इतके स्पष्ट कळले नसते. तेवढे श्रेय त्या पुस्तकाला दिलेच पाहिजे. गड चढताना लागणारी धाप मात्र त्यात नाही. संदेश भंडारे यांच्या 'तमाशा : एक रांगडी गंमत' या पुस्तकात याच्या उलट घडते. तेथे छायाचित्रकार फडाबरोबर हिंडला आहे, आणि रंगमंचामागचे कलावंतांचे जगणे त्याला मंचाइतकेच महत्त्वाचे वाटले आहे. केवळ देखणे दृश्य शोधायला गेलेला माणूस तेथून दुसऱ्याच दिवशी परतला असता.

अमेरिकन छायाचित्रकार रॉबर्ट ॲडम्स यांच्या 'ब्यूटी इन फोटोग्राफी' (१९८१) या निबंधसंग्रहात एक कसोटी सापडते. भूप्रदेशाच्या चांगल्या छायाचित्रात भूगोल, आत्मचरित्र आणि रूपक ही तिन्ही एकत्र असावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. यांतले एकेकटे अपुरे पडते. हे बोलणे आरामखुर्चीतले नव्हे. ॲडम्स यांनी स्वतः कोलोरॅडोतील नव्या वसाहतींची, एकसारख्या घरांच्या रांगांची छायाचित्रे काढली. आपल्या वडगाव शेरीत वा नगर रस्त्यावर त्यांना काम कमी पडले नसते.

ही कसोटी मनात धरून बाजूला ठेवलेला तो लग्नाचा फोटो आम्ही पुन्हा हाती घेतला. १९६५च्या आसपासचा. चर्चच्या पायऱ्यांवर वधूवर, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, पुढे मांडी घालून बसलेली मुले. छायाचित्रकाराने सर्वांना नीट उभे केले आहे; त्याचे सारे लक्ष तेवढ्यावरच आहे. त्याचे लक्ष नव्हते, म्हणूनच कडेकडेने पुणे आत शिरले आहे. भिंतीला टेकवलेल्या सात सायकली. फाटकाबाहेर टांगा, घोड्याची मान चौकटीने कापलेली. आणि कुंपणापलीकडे नऊवारीतली एक शेजारीण मूल कडेवर घेऊन हा सोहळा पाहते आहे. सायकली आणि टांगा हा त्या काळच्या पुण्याचा भूगोल. आत्मचरित्र त्या गृहस्थांनी सांगितले : त्यांचे घर नदीकाठी होते, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात घरातली सारी छायाचित्रे गेली, आणि म्हणून हे त्यांच्याकडचे सर्वांत जुने चित्र. राहिले रूपक. ते कुंपणापलीकडच्या त्या बाईत ज्याला दिसेल त्याला दिसो. हे चित्र मोठे करून घेऊ तेव्हा सायकली आणि ती बाई कापून टाकू, असे आम्ही कार्यकर्त्यांना सांगून बसलो होतो!

संत थॉमस अक्वायनस यांची सौंदर्याची तीन लक्षणे सेमिनरीत आम्ही पाठ केली होती : पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. पुत्र ही पित्याची प्रतिमा आहे, या विवेचनाच्या ओघात ती येतात. आणि वस्तू कुरूप असली तरी तिचे यथार्थ दर्शन घडवणारी प्रतिमा सुंदरच म्हटली जाते, असेही ते तेथेच सांगतात. परीक्षेनंतर आम्ही हे विसरलो. सायकली कापल्या की पहिलेच लक्षण गेले. तेजाविषयीही आपल्यात गैरसमज फार. मदर तेरेसांवरील १९६९ च्या चित्रपटात निर्मल हृदयातील अंधाऱ्या जागेचे चित्रण उजळ आले, तेव्हा माल्कम मगरिज यांनी तो चमत्कार मानला. कॅमेरामनने श्रेय कोडॅकच्या नव्या फिल्मला दिले. आम्ही कॅमेरामनच्या बाजूचे आहोत. त्या खाटांभोवती जे तेज होते, त्याला फिल्मची साक्ष लागत नव्हती.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि चेहरा स्वच्छ ठेवून मागचे सारे पुसट करण्याची सोय त्या फोनमध्येच आहे. स्नानसंस्काराच्या छायाचित्रांत बाळामागे आता फ्लेक्सवर छापलेली फुले असतात; चर्चची भिंत दिसत नाही. विवाहापूर्वीची छायाचित्रे काढायला जोडपी दूर कोठे तरी जातात, जेथे ती कधी राहिली नाहीत आणि राहणारही नाहीत. चेहरे सुरेख येतात, हे कबूल. परंतु पन्नास वर्षांनी यांच्या नातवंडांनी आजीआजोबा कोठे राहत होते असे विचारले, तर दाखवायला काय उरेल?

प्रदर्शनात तो फोटो आम्ही न कापता, दारासमोर लावला. ते गृहस्थ नातीला घेऊन आले. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिले, आणि मग तिसऱ्या सायकलीवर बोट ठेवले. "ही माझी. त्या दिवशी धाकट्या भावाने चालवत आणली होती." नवरीची ओळख त्यांनी त्यानंतर करून दिली.