थर उतरवायचे कुणी?

लाइव्ह लूपिंगचे व्हिडिओ बघताना दुसऱ्या मिनिटाला काय होणार, हे मला हल्ली आधीच कळतं. गिटारच्या पोटावर थाप, तिचा लूप. त्यावर कॉर्ड्स, त्यावर तोंडाने बीट, त्यावर आपल्याच आवाजाच्या तीन-चार पट्ट्या. तिसऱ्या मिनिटाला एवढं सगळं एकदम वाजत असतं की गायला जागाच उरत नाही. मग एक बटण, सगळं बंद, टाळ्या. दहीहंडीसारखं. थर किती लागले एवढंच मोजायचं.

साध्या, एका ट्रॅकच्या पेडलवर हे होणारच. नवा थर जुन्यात मिसळतो, फार तर शेवटचा तेवढा काढता येतो. खालची थाप काढून वरचा सूर ठेवायचा म्हटलं तर जमत नाही. लॅपटॉपवर मात्र प्रत्येक थर वेगळ्या लूपमध्ये ठेवता येतो, हवा तेव्हा गप्प करता येतो. तरी लॅपटॉपवाले पेडलवाल्यांसारखंच वाजवतात. माझी तक्रार ही आहे.

लॅपटॉप घेतला जातो तो स्वस्त पडतो म्हणून, आणि ते खरंच आहे. सूपरलूपर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एका माइकपुरता साधा ऑडिओ इंटरफेस घ्यावा, सेकंडहँडही चालतो. लॅपटॉपच्या आतल्या माइकवर मात्र जाऊ नका. स्पीकरमधला लूप परत त्यातच शिरतो आणि चौथ्या फेरीला नुसता गोंगाट उरतो. ब्लूटूथ हेडफोन तर नकोच, आवाज इतका उशिरा येतो की ताल हातातून जातो. पायाने चालवायला मिडी पेडल नसेल तर नुसत्या आकड्यांचा यूएसबी कीपॅड जमिनीवर ठेवून अंगठ्याने दाबता येतो. दिसायला विनोदी, पण चालतो. फक्त सॉफ्टवेअरची खिडकी समोर उघडी हवी, नाहीतर बटणं भलतीकडेच जातात.

खरी किंमत वेळेत मोजावी लागते. बफर २५६ सॅम्पलचा ठेवला तर ४४,१०० हर्ट्झला एका बाजूचा उशीर सहाएक मिलीसेकंद, म्हणजे जाऊन-येऊन बाराच्या आसपास. तो सवयीने पचतो. पचत नाही ती पायाची चूक. पहिला लूप बंद करणारं बटण ही तुमची सम. ती जरा मागे पडली तर आठ सेकंदांचा लूप पाच मिनिटांच्या गाण्यात सदतीस वेळा लंगडतो. मैफलीत चुकलेली सम पुढच्या आवर्तनात भरून काढता येते. इथे चूकच आवर्तन होऊन बसते.

मग चांगलं कोण करतं? २००४ साली बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात केटी टनस्टल एकटी, गिटार आणि अकाईचं हेडरश पेडल घेऊन उभी राहिली. तिच्याकडे लॅपटॉपही नव्हता. पण थर रचण्याचं काम ती सुरुवातीलाच उरकते आणि मग गाणं गाते. यंत्र साथीला बसलंय, हे विसरत नाही. दुसरं नाव चेलोवादक झोई कीटिंगचं. ती लॅपटॉप आणि पायाखालचा कंट्रोलर वापरते. तिचा २०१०चा ‘इन्टू द ट्रीज’ हा अल्बम हेडफोन लावून ऐका. तिथे थर येतात तसे मागेही सरतात. एखादा आवाज कधी गेला ते कळत नाही, तो गेल्यावर मोकळी झालेली जागा तेवढी कळते. सोळा चेलोंचा आभास निर्माण करणं अवघड नाही, त्यांतल्या बारांना गप्प बसवायला कान लागतो.

गंमत म्हणजे जुन्या टेपला हे आपोआप जमायचं. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी १९७३च्या ‘नो पुसीफुटिंग’साठी दोन टेपरेकॉर्डर जोडले. एकावर रेकॉर्ड झालेला सूर दुसऱ्यावर वाजून परत पहिल्यात यायचा. परतीचा आवाज थोडा कमी ठेवला की जुना सूर फेरीगणिक विरत जायचा. सूपरलूपरमध्ये हीच सोय फीडबॅक नावाच्या एका पट्टीत आहे. ती जरा खाली ओढून ओव्हरडब केलं की जुनं हळूहळू मावळतं. फुकट सॉफ्टवेअरमधली ही सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि जवळजवळ कुणी तिला हात लावत नाही. कष्टाने चढवलेला थर मावळू द्यायला जीव होत नाही.

आपल्याकडे लूप नवा नाही. एकल तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरणारा माणूस तेच आवर्तन तासभर वाजवतो. पण तबलजीने लय वाढवली की तो वाढवतो, तिहाई समेवर येताना मान वर करून बघतो. त्याचं आवर्तन तेच असून दर वेळी किंचित वेगळं असतं. लॅपटॉप मान वर करत नाही. त्यामुळे लूपवर वाजवणारा माणूसच हळूहळू लेहरेवाला होतो, यंत्राच्या लयीला धरून बसतो, आणि एकल वादन नक्की कुणाचं चाललंय असा प्रश्न पडतो. कीटिंग ऐकताना हा प्रश्न मला पडत नाही. बाकी बहुतेक व्हिडिओंत तो दुसऱ्या मिनिटालाच पडतो.