गादी आणि किल्ल्या

वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे १९६२ चं नाटक. आपल्यातल्या थोरल्या बायकांना काशिनाथ घाणेकरांचा संभाजी अजून आठवतो. मी ते पुस्तकातूनच वाचलं, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना अडखळले.

नाटकाची थोरवी ही, की शिवाजी महाराज त्यात आधी बाप म्हणून उभे राहतात. किल्ले सर करणाऱ्याला घर सांधता येत नाही, हे रंगमंचावर म्हणायला धाडस लागतं. पण घर फुटण्याचा भार फार करून सोयराबाईंवर पडतो. सावत्र आई सापडली की सगळ्यांचंच काम सोपं होतं, नाही का?

जरा तारखा बघू. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला, तेव्हा संभाजीराजे सतरा वर्षांचे युवराज. अकरा दिवसांत जिजाबाई गेल्या. सख्खी आई सईबाई तर १६५९ मध्येच गेलेली. १६७७ मध्ये महाराज आपल्या याच भागानगरात कुतुबशहाला भेटायला आले आणि पुढे कर्नाटकात उतरले. युवराज मागे, शृंगारपुरात. १६७८ च्या डिसेंबरात ते दिलेरखानाला जाऊन मिळाले. त्या वेळी राजाराम होता आठ वर्षांचा! सोयराबाईंनी त्याला गादीवर बसवलं ते १६८० मध्ये, महाराज गेल्यावर.

बेगम बाजारातल्या बायकांना गादी आणि गल्ला समजावून सांगायला नको. दुकानाच्या पाटीवर 'अँड सन्स' लिहायचं, पोराला गादीवर बसवायचं, अन् तिजोरीच्या किल्ल्या आपल्याच कमरेला. पोरगा तिशीचा झाला तरी उधारीची वही त्याच्या हाती नाही. याला सावत्र आई लागत नाही हो.

इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमच्या घरीही हेच. थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडीचा वारस म्हटलं, कारभार दिला नाही. तो बिथरला. १०७९ मध्ये जर्बरॉयच्या लढाईत बाप लेकासमोर घोड्यावरून खाली आला. पण तिथे आई होती, मातिल्दा. नवऱ्याचा राग झेलून तिने लेकाला चोरून पैसे पुरवले, आणि १०८० मध्ये समेट झाला.

संभाजीराजे वर्षभरात आपणहून परतले. मार्चमध्ये रायगडावर राजारामाचं लग्न झालं तेव्हा थोरला भाऊ पन्हाळ्यावरच होता, ३ एप्रिलला महाराज गेले तेव्हाही.

कुणाला आता नवं नाटक लिहायचं असेल तर ते पन्हाळ्यावर घडू द्या. जानेवारी १६८०, बाप-लेक समोरासमोर, आणि मध्ये एकही बाई नाही.