दार नसलेला दरवाजा

टीकालेखाचा विषय पुस्तक असावा असा आपल्याकडे रिवाज आहे. मी मात्र एका दरवाजाविषयी लिहिणार आहे. हा दरवाजा कुठल्या राजवाड्याचा नव्हे. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात, आमच्या घरामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, तो गेल्या उन्हाळ्यात तयार झाला. पण तो तयार होत असताना जे वाद झाले, ते सगळे मी मराठी कविता-कादंबरीवरच्या चर्चांत पूर्वी ऐकलेले होते. फरक एवढाच, की त्या चर्चांत कोणाच्या हातात पटाशी नव्हती.

चाकणच्या पट्ट्यात जपानी कारखाने आल्यापासून तिकडची माणसे आमच्या भागात दिसू लागली आहेत. त्यांच्यासाठी उपाहारगृह काढणारे एक गृहस्थ आमच्या मिस्त्रींकडे आले. त्यांच्याजवळ एक छायाचित्र होते. दोन तांबडे खांब, वर टोकांशी उचललेली एक तुळई, तिच्याखाली आणखी एक आडवे लाकूड. "असा जपानी दरवाजा पाहिजे. आत लोखंडी पाइप घाला, वरून प्लायवूड मारा, लाल रंग द्या. पंधरा दिवसांत उभा झाला पाहिजे."

मिस्त्रींनी चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "याला दार कुठाय?"

गृहस्थ हसले. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. शाळामास्तराला दुसऱ्याचे अज्ञान फार लवकर दिसते. पण रात्री घरी येऊन या दरवाजाविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की त्या चित्राविषयी विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच होता.

चित्रातल्या दरवाजाला जपानीत तोरी म्हणतात. आपल्या 'तोरण' शब्दाशी त्याचे नाते आहे की नाही, याविषयी विद्वानांत एकमत नाही. तोरीला दार नसतेच. आपला वाड्याचा दरवाजा म्हणजे उंबरा, चौकट, गणेशपट्टी, आतून आगळ, आणि मोठे दार बंद असताना माणसापुरती उघडणारी दिंडी. आत कोणी यावे आणि बाहेर कोणी राहावे, हे ठरवणारी ती वस्तू आहे. तोरी कोणालाच अडवीत नाही. इथून पुढची भूमी देवाची आहे, एवढेच ती येणाऱ्याला सांगते. ती शिंतो देवस्थानाची खूण आहे. इत्सुकुशिमा बेटासमोर समुद्रात उभी असलेली तांबडी तोरी सर्वांनी चित्रात पाहिलेली असते. सध्याची तोरी १८७५ सालची, कापराच्या झाडांच्या प्रचंड खांबांची. ते खांब तळात पुरलेले नाहीत. ती आपल्या वजनावर उभी आहे, आणि ते वजन पुरावे म्हणून वरच्या पोकळ तुळईत दगड भरलेले आहेत. उलट इसे येथील देवस्थानाच्या तोरी रंगाविना, नुसत्या लाकडाच्या असतात. म्हणजे तांबडा रंग हे तोरीचे सर्वस्वही नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी हे मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे गुरुजी, खानावळीवर कळस चढवायला सांगतायत की." माझ्या चार पानांच्या टिपणाचा सारांश त्यांनी एका वाक्यात केला होता.

त्यांचा दुसरा प्रश्न अधिक खोल होता. खालच्या आडव्या लाकडाची टोके खांबांच्या बाहेर आलेली दिसत होती. "हे खांबातून आरपार गेलंय, का दोन्हीकडून तुकडे चिकटवलेत?" ते आरपारच गेलेले असते. त्याला नुकी म्हणतात. खांबाला भोक पाडून त्यातून ते ओवायचे आणि फटीत पाचर ठोकायची. पाचर सैल झाली तर पुन्हा ठोकता येते. बाहेर आलेले टोक हे नक्षीकाम नाही. जोडाचा तो दिसणारा शेवट आहे. पाइपावर प्लायवूड मारून बाहेर टोक चिकटवले, तर जोड नसताना जोडाची खूण राहते. छायाचित्रात दोन्ही सारखेच दिसतील.

या नुकीचा इतिहास साहित्याच्या माणसाने मुद्दाम पाहावा असा आहे. नारा येथील तोदाइजी हे मंदिर ११८० साली युद्धात जळाले. चोगेन नावाच्या वृद्ध भिक्षूने ते पुन्हा उभारण्याचे काम अंगावर घेतले, आणि ११९९ साली त्याचा दक्षिणेकडचा महादरवाजा उभा राहिला. त्याला अठरा खांब आहेत. प्रत्येक खांब सुमारे २१ मीटर उंच, जमिनीपासून छपरापर्यंत एकसंध, आणि एकावर एक ओळींनी आरपार ओवलेल्या आडव्या तुळयांनी सगळे खांब एकमेकांना जखडलेले. ही पद्धत आली दक्षिण चीनमधून. पण जपानी अभ्यासक तिला पुष्कळ काळ 'तेंजिकुयो' म्हणत, म्हणजे भारतीय शैली! भारताशी तिचा काही संबंध नाही. आता तिला 'दाइबुत्सुयो', म्हणजे महाबुद्धाची शैली, म्हणतात. पुढे काय झाले ते महत्त्वाचे. १२०६ साली चोगेन वारला आणि ही भव्य, उघडीवाघडी शैली लवकरच मागे पडली. तिचे रूप जपानी डोळ्यांना रुचले नसावे. पण आरपार ओवलेली तुळई मागे पडली नाही. ती देशी शैलीच्या मंदिरांत शिरली आणि तिथलीच होऊन गेली. जे डोळ्यांत भरत होते ते ओसरले आणि जे खांबाच्या पोटात होते ते टिकले.

परकीय घाटाविषयी आपल्याकडे वाद होतो तो बहुधा नेमका उलट्या टोकाने. केशवसुतांनी सुनीत आणले, तेव्हा चौदा ओळी आल्या हे सर्वांना दिसले. शिरीष पैंनी हायकू रुजवला, तेव्हा तीन ओळी दिसल्या. मग ओळी मोजणे सुरू झाले. पण सुनीतात एका ठिकाणी विचाराला वळण मिळते, हायकूत दोन प्रतिमांच्या मध्ये एक छेद असतो, आणि त्या वळणावर, त्या छेदावर सगळी रचना तोललेली असते. ती कवितेची नुकी. ती आरपार गेली असेल, तर ओळी तेरा झाल्या काय किंवा सतरा अक्षरांचा हिशोब सुटला काय, कविता उभी राहते. ती नसेल तर नुसता लाल रंग. आशय आपला आणि घाट परका, असे आपण सहज म्हणून जातो. जणू घाट म्हणजे बाजारातून आणलेले भांडे. सुताराला असे म्हणता येत नाही. त्याच्या घाटाला वजन पेलावे लागते.

हे सगळे मी मोठ्या समाधानाने मनाशी जुळवले, आणि मग एका रविवारी पिंपरीहून लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याची लेणी पुन्हा पाहायला गेलो. तिथे माझे समाधान टिकले नाही. कार्ल्याच्या चैत्याला लाकडी फासळ्या आहेत. डोंगर कोरून केलेल्या त्या कमानदार छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुतारांनी त्या बसवल्या आणि त्या आजही आहेत. त्या काय पेलतात? काहीच नाही. डोंगराला लाकडाच्या आधाराची गरज नसते. लाकडी सभागृहांत अशा फासळ्या छत तोलीत असत, म्हणून दगडातही त्या आल्या. माझ्या कसोटीने पाहिले तर ही शुद्ध नक्कल ठरायला हवी. चिकटवलेले टोक आणि ही फासळी यांत फरक उरायला नको. पण त्या सभागृहात उभे राहून असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही.

तिथेच एक लेख कोरलेला आहे. धेनुकाकट गावचा वढकी, वेणुवासाचा मुलगा सामी, याने हे घराचे मुख केले, असे तो सांगतो. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात तो शब्द याच कुळातला. दगडातल्या दर्शनी दारावर एका सुताराचे नाव आहे! त्या काळचे हे कारागीर लाकडी सभागृहे बांधून आलेले होते. फासळी कुठे वाकते, कुठे भार घेते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. दगडात तिचे काम संपले हेही त्यांना कळत असणार. तरी त्यांनी ती ठेवली, कारण आत येऊन हात जोडणाऱ्याच्या मनातले पूजास्थान तशाच छताचे होते. तेव्हा कसोटी थोडी बदलली पाहिजे. भार पेलतो की नाही, एवढ्यावर खरेखोटे ठरत नाही. कारण ठाऊक असून राखलेले रूप ही आठवण, आणि कारण ठाऊक नसताना उचललेले रूप ही नक्कल. दोन्ही शेजारी ठेवली तर पुष्कळदा सारखीच दिसतात, आणि टीकाकाराची खरी अडचण तीच आहे.

ही कसोटी मी प्रथम स्वतःला लावली. माझ्या एका कादंबरीत सुतार आहे. त्याच्या अंगाला भुश्शाचा वास येतो, कानावर पेन्सिल असते, रंध्याखालून सालपे उडतात. मिस्त्रींनी ती प्रकरणे वाचली आणि भीत भीत विचारले, "गुरुजी, हा माणूस बनवतो काय?" मी पुस्तक उघडून पाहिले. तीनशे पानांत त्याने एकही वस्तू पुरी केलेली नव्हती, लाकूड कुठे कापावे असा एकही निर्णय घेतलेला नव्हता. मी छायाचित्रावरून प्लायवूड मारले होते.

आता दरवाजाविषयी. मिस्त्रींनी काम घेतले ते दोन अटींवर. देवाची तोरी करायची नाही, आणि आत पाइप घालायचा नाही. त्याऐवजी जपानातच घरांना आणि गढ्यांना असे तो साधा 'काबुकिमोन' करायचा : दोन खांब, माथ्याजवळ एक आडवी तुळई, आणि खाली खरी, उघडणारी-मिटणारी दारे. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान त्यांनी घेतले. तुळई आरपार ओवली, पाचरी ठोकल्या, आणि लाकडाचे उघडे टोक सर्वांत आधी पाणी पिते म्हणून खांबांच्या माथ्यावर तांब्याचा पत्रा चढवला. ठरलेल्या रकमेत सागवानाचाही खर्च निघाला नाही. वाढवून मागितले तेव्हा, लाल रंगही दिला नाही, असे उत्तर मिळाले.

मित्राचे काम म्हणून मी त्याची नुसती स्तुती करणार नाही. दरवाजाचा वरचा भाग उत्तम आहे. तुळई आणि खांब यांच्यात शांतपणा आहे, ओढाताण नाही. दारे मात्र फसली आहेत. त्यांच्यावर मिस्त्रींनी लोखंडी गुळमेखा मारल्या. त्या वाड्याच्या दारात शोभतात, कारण तिथे त्यांना शत्रूच्या धडकेची आठवण आहे. इथे वरची शांत तुळई एक बोलते आणि खालची दारे दुसरेच. हात जिथे सवयीने चालला तिथे रचना दुभंगली. स्वतःच्या परंपरेचीही नक्कल होऊ शकते, हे मला त्या गुळमेखांनी शिकवले.

मी हे त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. पहिला मोठा पाऊस होऊन गेला होता, म्हणून आम्ही दोघे दरवाजा बघायला गेलो होतो. त्यांनी तुळईखाली बोट फिरवून ओल कुठवर आली ते पाहिले, एका पाचरीवर हातोडीचे दोन ठोके घातले, आणि दाराकडे वळून म्हणाले, "मेखा काढता येतील. पण भोकं राहतील, गुरुजी."