ग्रंथश्रवणाची नवी तऱ्हा

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या जालना जिल्ह्यांतील तरुण वाचकांत एक नवी प्रथा रूढ होऊं लागली आहे. पुस्तक वाचून झालें कीं त्याविषयीं चार परिच्छेद संगणकाच्या जालावर लिहावयाचे, अथवा मोबाईल समोर उभा करून दहा मिनिटें बोलावयाचें, आणि तें बोलणें चित्रासह सर्वांस खुलें करावयाचें. यूट्यूब 2005 सालीं निघालें. त्यावर मराठी पुस्तकांविषयींचीं अशीं भाषणें आतां पुष्कळच सांपडतात. जुन्या मंडळींस यांत पोरखेळ दिसतो, तर नव्या मंडळींस वाचनाचा पुनर्जन्म. आम्हांस हीं दोन्ही मतें घाईचीं वाटतात. हा प्रकार जर ग्रंथपरीक्षणाचाच आहे, तर त्याचेंही परीक्षण झालें पाहिजे. आणि परीक्षण म्हटलें कीं आधीं कसोटी ठरवावी लागते.

ही कसोटी शोधण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. त्यांचा जन्म 1608 चा. त्यांच्या दासबोधाचा आरंभ पुष्कळांनीं वाचला आहे, परंतु तो आरंभ म्हणजे एक ग्रंथपरीक्षणच आहे, हें फारसें कोणीं लक्षांत घेतलेलें दिसत नाहीं. मंगलाचरणाच्याही आधीं तेथें श्रोते पुढें येतात आणि तीन गोष्टी विचारतात: हा ग्रंथ कोणता, यांत काय सांगितलें आहे, आणि तो ऐकल्यानें आम्हांस काय मिळेल. मग ग्रंथकार ग्रंथाचें नांव सांगतो, त्यांतील विषय एकामागून एक मोजून दाखवितो, कोणकोणत्या ग्रंथांचा आधार घेतला तें मोकळेपणानें नमूद करतो, आणि शेवटीं श्रवणाचें फळ सांगतो. मध्येंच एक इशाराही देऊन ठेवतो, कीं संपूर्ण ग्रंथ न पाहतां जो त्यास नांवें ठेवतो, त्याच्या बोलण्याच्या मुळाशीं अभिमान आणि मत्सर असतो. या इशाऱ्याकडे आम्हांस पुढें पुन्हां यावें लागणार आहे.

पुढें सातव्या दशकांतील श्रवणनिरूपणांत समर्थांनीं ग्रंथ कशास म्हणावें हेंच सांगून टाकलें आहे. ज्याच्या योगानें ऐकणाराच्या अंगीं पालट होतो, अनुताप चढतो, साधनाची गोडी लागते, त्यासच ते ग्रंथ म्हणतात. त्यांची दृष्टि परमार्थाची होती हें उघड आहे. कादंबरी आणि आत्मचरित्र त्यांच्यापुढें नव्हतें. तरीपण ग्रंथाची व्याख्या त्यांनीं ग्रंथकाराच्या बाजूनें न करतां श्रोत्याच्या बाजूनें केली, हें विसरतां येत नाहीं. इंग्रजी वाङ्मयांत डॉक्टर जॉन्सननें ग्रे कवीच्या चरित्रांत कवित्वाच्या मानाचा अखेरचा निवाडा सामान्य वाचकाच्या हातीं दिला. व्हर्जिनिया वुल्फनें 1925 सालीं आपल्या निबंधसंग्रहास त्याच सामान्य वाचकाचें नांव दिलें. आमच्याकडे हा विचार त्याच्या शतकभर आधीं मांडला गेला होता. फक्त आमचा सामान्य वाचक हा बहुधा श्रोता होता.

आणि तो फार काळपर्यंत श्रोताच राहिला. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलुख निजामाच्या राज्यांत होता. 1918 सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. मराठीला दरबारीं मान नव्हता. ती जगली ती घरांत, देवळांत आणि पारावर. चातुर्मासांत एकानें पोथी लावावयाची, आणि ज्यांस अक्षराची ओळख नाहीं अशा दहा-वीस माणसांनीं ती ऐकावयाची, ही गांवोगांवची वहिवाट होती. पोथी सांगणारा नुसता वाचीत नसे. तो थांबे, अर्थ फोडी, गांवांतलाच एखादा दाखला देई, आणि उद्यां पुढें काय येणार याची हुरहुर लावून पोथी बांधी. पुढें 1955 सालीं हैदराबाद राज्याचा आणि 1967 सालीं महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदानें सुरू झालीं, पुस्तकें कपाटांत आलीं. हें सर्व इष्टच झालें. परंतु पोथी सांगणारा मात्र नाहींसा झाला, आणि त्याच्या जागीं कोणी आलें नाहीं. पुस्तक आणि मनुष्य यांची गांठ घालून देणारा जो तिसरा मनुष्य लागतो, त्याची ती जागा पुष्कळ वर्षें रिकामी होती. आजचीं हीं मुलें नकळत त्या जागेवर येऊन बसलीं आहेत, असें आमचें मत आहे.

ती जागा त्यांनीं कितपत सांभाळली आहे? समर्थांचे तीन प्रश्न लावून पाहूं.

पहिल्या प्रश्नाच्या बाबतींत मोठाच क्रमभंग झालेला दिसतो. पुस्तक कोणतें हें कळण्यापूर्वीं बोलणारा कोण आहे हें आपणांस कळतें: त्याचा चेहरा, त्याची खोली, मागची फळी. एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं समर्थांनीं ग्रंथ कसा लिहावा हें सांगितलें आहे. अक्षर फार बारीक काढूं नये, कारण तरुणपणीं काढलेलें बारीक अक्षर म्हातारपणीं उपयोगीं पडत नाहीं. भोंवतीं समास सोडावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहील. आणि असें जपून लिहावें कीं पाहणारांनीं म्हणावें, हें लिहिणारा पुरुष एकदां पाहिला पाहिजे. म्हणजे आधीं अक्षर, मग पुरुष. नव्या प्रकारांत आधीं पुरुष, आणि अक्षर जमल्यास. लेखी परिच्छेदांत हा दोष कमी आढळतो, म्हणूनच आम्हांस ते अधिक आवडतात.

दुसऱ्या प्रश्नास दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात, आणि दोन्ही टोकाचीं. कोणी कथानक आरंभापासून अखेरपर्यंत सांगून टाकतो, म्हणजे ऐकणारास पुस्तक उघडण्याचें प्रयोजनच उरूं नये. तर कोणी कथानकास स्पर्शच न करतां अप्रतिम, भन्नाट, डोळ्यांत पाणी आणणारें, अशा विशेषणांची नुसती उधळण करतो. पुस्तक प्रकाशकाकडून भेट म्हणून आलें असेल, तर तेंही श्रोत्यास सांगणें अवश्य आहे. समर्थांनीं आपले आधार उघड केले, तसेंच हें. निव्वळ स्तुति ऐकून ऐकून श्रोत्याचा स्तुतीवरचा विश्वासच उडतो, आणि मग खऱ्या चांगल्या पुस्तकाची शिफारसही फुकट जाते.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. पुस्तकानें मला काय दिलें हें सांगणें सोपें. तें तुम्हांला काय देईल हें सांगावयाचें, तर समोर कोण बसलें आहे हें ठाऊक पाहिजे. पोथी सांगणारास तें ठाऊक असे. यंत्रासमोर बोलणारास तें ठाऊक नसतें, असें आम्ही समजत होतों. हा समज आमचाच एक अपराध झाल्यावर दुरुस्त झाला. तो येथें सांगणें आम्हांस भूषणावह नाहीं, पण सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

आमच्या वर्गांतील मंठा तालुक्याची एक विद्यार्थिनी पुस्तकांविषयीं असें बोलत असे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’वरचें तिचें भाषण कोणी आम्हांस दाखविलें. पहिलीं पांच-सहा मिनिटें ती लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या कडकडीत सोंवळ्याचे प्रसंगच रंगवून सांगत होती. ग्रंथ 1934 पासून भागाभागांनीं निघाला, मराठी आत्मचरित्रांत त्याचें स्थान काय, भाषेचा साधेपणा कशांत आहे, यांपैकीं कांहींच नाहीं. आम्हीं तें अर्ध्यावर बंद केलें, आणि दुसऱ्या दिवशीं भर वर्गांत म्हणालों कीं, हें परीक्षण नव्हे, ही ओट्यावरची गप्प आहे. मुलें हंसलीं. त्यानंतर तिचें एकही भाषण निघालें नाहीं.

वर्षभरानें तिचा कांहीं दाखला नेण्यासाठीं तिची आई महाविद्यालयांत आली. ती कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगच्या कामास जाते. एकेका फुलावर हातानें पराग लावण्याचें तें काम दिवसभर चालतें. तिला वाचतां येत नाहीं. आम्ही प्राध्यापक आहों हें कळतांच तिनें विचारलें, “सर, पोरीनं ते पुस्तकातलं सांगणं कामून बंद केलं? आम्ही धाजणी प्लॉटवर मोबाईल लावून ऐकायचो. त्या लक्ष्मीबाईला मग वाचाया आलं का न्हाई?”

लक्ष्मीबाई लग्नानंतर वाचावयास शिकल्या, एवढें आम्हीं तिला तेथेंच ओसरीवर उभ्या-उभ्या सांगितलें. त्या रात्रीं तें भाषण अखेरपर्यंत ऐकलें. उरलेल्या भागांत ती मुलगी याच गोष्टीकडे येत होती: सोंवळ्याच्या त्या घरांत वाढलेल्या मुलीच्या हातीं अक्षर कसें आलें. शिकण्याचा प्रसंग तिनें पुढच्या खेपेसाठीं राखून ठेवला होता, आणि पुढची खेप आम्हीं होऊं दिली नाहीं. सोंवळ्याचे प्रसंग तिनें उगाच लांबविले नव्हते. ऐकणाऱ्या बायकांच्या ओळखीचें जग तेंच होतें, आणि त्या दारानेंच त्यांस आंत नेतां येत होतें. आपल्यासमोर कोण बसलें आहे हें तिला पक्कें ठाऊक होतें. तें आम्हांस ठाऊक नव्हतें. संपूर्ण न पाहतां नांवें ठेवणाराविषयीं जांबच्या त्या पुरुषानें जें लिहून ठेवलें, तें आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों.

आम्हीं तिला दूरध्वनीवरून क्षमा मागितली. ती आतां पुण्यास नोकरी करते. “सर, तसं काही नाही, आता वेळच मिळत नाही,” एवढेंच ती म्हणाली. तें खरें असेल. परंतु प्लॉटवरच्या त्या दहा बायकांचें श्रवण तुटलें, ही हानि आमच्या खात्यावर आहे.

म्हणून आमचा निष्कर्ष आम्ही बदलला आहे. दोष मात्र मागें घेतलेले नाहींत. फ्रान्समध्यें 1975 पासून 1990 पर्यंत बेर्नार पिव्हो या गृहस्थांनीं दर शुक्रवारीं रात्रीं दूरचित्रवाणीवर ग्रंथकारांस बसवून पुस्तकांवर गप्पा मारविल्या, आणि त्या देशांतील पुस्तकांच्या खपावर त्याचा मोठा परिणाम झाला. पंडितांनीं तेव्हांही नाकें मुरडलीं. गप्प आणि परीक्षण यांत वैर नाहीं. गप्पेनें माणूस दाराशीं येतो, परीक्षणानें तो आंत काय पाहावें हें शिकतो. मुलांनीं तीन प्रश्नांचीं उत्तरें क्रमानें द्यावीं, कथानकाचा शेवट राखावा, न आवडलेलेंही सांगावें, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.

आणखी एक विनंती ग्रंथालयांच्या चालकांस. एखाद्या पुस्तकाविषयीं ऐकून मनुष्य मोठ्या उमेदीनें तालुक्याच्या ग्रंथालयांत येतो, आणि तें पुस्तक नसतें, किंवा कपाटास कुलूप असतें, तर सारें बोलणें वायां गेलें. महिन्यांतून एकदां अशा एखाद्या मुलास ग्रंथालयांतच बोलावून, ज्यांस वाचतां येत नाहीं अशांसही समोर बसवावें. आमच्या स्वतःच्या वर्गांत तर आम्हीं एक नेमच केला आहे, कीं कोणतेंही भाषण अखेरपर्यंत ऐकल्यावांचून त्यावर अभिप्राय द्यावयाचा नाहीं. वयाच्या पन्नाशीनंतर हा धडा घ्यावा लागला, याची आम्हांस लाज वाटते. पण घेतला, हें सांगण्यास लाज वाटत नाहीं.